वार वेगळी

"कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या बाईंनी एवढंच विचारलं. आवाजात शंका नव्हती, तिरकस काही नव्हतं. हातातल्या पेनाला टोपण लावता लावता सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, आणि पन्नास वर्षं ताठ उभी असलेली माझी जन्मकथा तिथल्या तिथे मटकन खाली बसली.

मी थोरलीबरोबर गेले होते, सोबत म्हणून. थोरली म्हणजे माझी जुळी बहीण. काही मिनिटं आधी जगात आली आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर थोरली म्हणून मिरवली. त्या दिवशी तिच्या रक्ताचा निकाल आला होता. बाबांचा आजार तिच्यात उतरला होता. शंका होतीच, आता खात्री झाली. इस्पितळात असल्या गोष्टी समजावून सांगायला एक वेगळ्या बाई असतात. त्यांची खोली लहान, खुर्च्या मऊ, आणि टेबलावर कागदी रुमालांचा खोका अशा बेताने ठेवलेला की रडणाऱ्याला हात लांब करावा लागू नये. थोरली रडली नाही. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती, परत उघडत होती. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघी एकसारख्या जुळ्या ना?" मी म्हटलं, "नाही. जुळ्या, पण वेगळ्या." त्यावर त्यांनी ते विचारलं.

"आईनं सांगितलं," मी म्हटलं. "आमची वार वेगळी होती. सुईणीनं स्वतः पाहिली होती."

"वार वेगळी असली तरी जुळी एकसारखी असू शकतात," बाई म्हणाल्या. "गर्भ अगदी सुरुवातीलाच दुभंगला, तर एकाच गर्भाची दोन बाळं होतात आणि प्रत्येकाची वार वेगळी असते. पूर्वी सगळ्यांचा असाच समज असायचा, डॉक्टरांचासुद्धा. तुम्ही वेगळ्या असालही. पण वारेवरून ते ठरत नाही." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "तुमची तपासणी करायची की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. फक्त, तुम्ही एकसारख्या असाल, तर यांचा निकाल म्हणजे..." वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. चांगल्या बाई होत्या. पण सोडून दिलेलं वाक्य पुरं करायला काही शिक्षण लागत नाही. ते मी जिने उतरताना पुरं केलं, थोरलीला रिक्षात बसवताना पुरं केलं, आणि तेव्हापासून दिवसातून किती वेळा पुरं करते त्याची मोजदाद सोडून दिली आहे.

लहानपणी मला ही वार म्हणजे सोमवार-मंगळवारातला वार वाटायचा. आई कुणाला तरी सांगत असायची, "दोघींची वार वेगळी हो, अगदी वेगळी," आणि मी परकराची नाडी चघळत मध्येच तोंड घालायची, "आई, वार वेगळी नाही, वार वेगळा." आई म्हणायची, "तो वार वेगळा. ही वार वेगळी." याने गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढायचा. मी आपला सोयीचा अर्थ लावून घेतला होता, की थोरली सोमवारी झाली आणि मी मंगळवारी, आणि त्या हिशेबाने माझा वाढदिवस दुसऱ्या दिवशी निराळा साजरा व्हावा असा हट्ट मी कित्येक वर्षं धरला. पोटात बाळाला पोसणारी आणि बाळामागोमाग पडणारी ती वार, हे फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा जरा किळस वाटली आणि पुष्कळ अभिमान वाटला. म्हणजे अगदी आतसुद्धा आमची चूल निराळी होती तर. आमच्या घरात वार हा शेवटचा शब्द होता. शाळेत बाईंनी थोरलीच्या खोडीची शिक्षा मला केली, कुणी फोटोत तिला मी समजलं, शेजारणीने एकीला दोनदा खाऊ दिला आणि दुसरी कोरडीच राहिली, तरी आई ठाम असायची. "बहिणी आहेत, दिसायच्याच सारख्या. पण वार वेगळी." आणि आम्हीही त्या शब्दाला जागलो. थोरली अभ्यासू, म्हणून मी उनाड. ती बारीक, म्हणून मी खाल्लं. ती शाळेत शिकवायला लागली, मी कारखान्यात गेले. तिने लग्न केलं नाही, मी लगबगीने केलं. आज मागे पाहते तेव्हा वाटतं, इतक्या मेहनतीने वेगळं व्हावं लागत होतं, त्यातच काही समजायला हवं होतं.

बाबा काचा बसवायचे. खिडक्यांच्या, कपाटांच्या, दुकानांच्या. काच टेबलावर आडवी टाकायची, पट्टी लावायची, हिरकणीने एकच रेघ मारायची आणि कडेला हलकेच टिचकी द्यायची, की काच रेघेवर दुभंगायची. आम्हाला ती टिचकी ऐकायला आवडायची. मग रेघ हलायला लागली. मग काच रेघ सोडून भलतीकडेच जायला लागली. मग बाबांचे खांदे आपोआप उडायला लागले, मान हिसका द्यायला लागली, चालताना एक पाय असा टाकायचे की रस्त्यावरची पोरं मागून नक्कल करायची. लोकांना वाटायचं, घेतात. आई दारात उभी राहून सांगायची, "ते घेत नाहीत हो." शेवटी शेवटी ते आम्हाला ओळखत होते की नाही ते कळत नसे, पण आमच्यापैकी एक खोलीत गेली की दुसरीचं नाव घ्यायचे. आम्ही हसायचो. एकमेकींना म्हणायचो, बघ, बाबांनाही वार कळेना.

आजाराचं नाव पुष्कळ पुढे कळलं, आणि त्याच्याबरोबर तो नाण्याचा हिशेबही. ज्याला हा आजार आहे त्याच्या प्रत्येक मुलाचं एक नाणं उडतं. छापा की काटा. काटा पडला तर आजार आला, छापा पडला तर सुटला, आणि जो सुटला त्याची पुढची पिढीही सुटली. सख्खी भावंडं असोत की आमच्यासारखी वेगळी जुळी, प्रत्येकाचं नाणं स्वतंत्र. एकाच्या नाण्यावरून दुसऱ्याचं सांगता येत नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं, की मला बघायचं नाही. रक्त तपासायचं नाही. माझं नाणं हवेतच राहू दे, मी माझं जेवून खाऊन झोपते. थोरली म्हणाली, "तुझं बरोबर आहे, धाकटे." तिनेही तपासलं नव्हतं. फळ्यावरच्या ओळी खाली उतरायला लागल्या, खडू बोटातून निसटायला लागला, वर्गातली पोरं एकमेकांना कोपराने ढोसायला लागली, तेव्हा तिला जावंच लागलं. आणि त्या मऊ खुर्चीत बसून तिचा निकाल ऐकताना मला काय वाटलं, ते सांगून टाकते. फार वाईट वाटलं. पोटात खड्डा पडला. आणि त्या खड्ड्याच्या तळाशी, अगदी तळाशी, एक सुटका वाटली, की तिचं पडलं, माझं अजून हवेत आहे. मग बाईंनी पेनाला टोपण लावलं.

आता माझ्याकडे न कळण्याची सोयच उरली नाही. मी दारं-खिडक्या लावून बसले होते आणि थोरलीच्या दंडात सुई टोचून माझ्या घरात शिरता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही एकसारख्या असलो तर नाणं दोघींचं मिळून एकच होतं आणि ते आम्ही जन्मायच्या आधीच खाली पडून राहिलं आहे. मग मी एवढी वर्षं वर कशाकडे बघत होते? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कशाला डोक्याला ताप करून घेतेस? तुझ्या हाताला काही झालंय का?" त्याचं हे नेहमीचंच. गळणाऱ्या नळापासून मरणापर्यंत एकच औषध, डोक्याला ताप करून घ्यायचा नाही. पण त्याने विचारलं म्हणून मी हाताकडे पाहिलं, आणि एकदा पाहिलं ते पाहिलंच. चमचा पडतो तो कुणाच्याही हातून पडतो. माझ्या हातून पडला की मी त्याच्याकडे पोलिसासारखी बघत उभी राहते. झोप लागता लागता पाय झटकला जातो, तो सगळ्यांचा जातो. माझा गेला की मी टक्क जागी. कुणाचं नाव आठवेना झालं की मी त्या नावामागे सबंध दुपार घालवते. मोकळी म्हणून एक जागा राहिली नाही.

आणि आरसा. आमच्यातला सगळ्यात ठळक फरक म्हणजे थोरली डावरी, मी उजवी. आई हेही पुरावा म्हणून सांगायची. तिचा भोवरा एका बाजूला फिरतो, माझा उलट्या. तिचा डावा सुळा पुढे आलेला, माझा उजवा. मी याबद्दल वाचलं तेव्हा कळलं, की उशिरा दुभंगलेली काही एकसारखी जुळी एकमेकींची आरशातली रूपं असल्यासारखी निघतात, असं लोक म्हणतात. पण पुढेच लिहिलं होतं, की यावरून काही सिद्ध होत नाही. वेगळ्या जुळ्यांतही एखादी डावरी असतेच. शिवाय उशिरा दुभंगलेल्यांची वार एकच असते. म्हणजे वार आणि भोवरा यांचं आपापसांतच पटत नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण आता मी तोंड धुवायला आरशापुढे उभी राहिले, की समोर डाव्या हाताने ब्रश धरलेली, डावा सुळा पुढे असलेली बाई उभी असते. मी तिला रोज पाहत आलेय. तिचे केस काळे केलेले आहेत आणि गाल भरलेले आहेत, एवढं सोडलं तर ती थोरली आहे. मी हल्ली अंधारातच तोंड धुते.

माझं काम जुळवण्याचं आहे, हा एक विनोदच. दोऱ्यांच्या कारखान्यात मी रंग जुळवते. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, त्या रंगाचा दोरा काढून द्यायचा. कापडाशेजारी दोऱ्याची लड ठेवायची आणि दिव्यांच्या पेटीत बघायची. पेटीत तीन दिवे असतात: एक दिवसाच्या उजेडाचा, एक दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबसारखा, एक घरातल्या पिवळ्या बल्बसारखा. पुष्कळदा असं होतं, की पहिल्या दिव्याखाली दोन्ही रंग एकजीव दिसतात आणि पिवळा लावला की फुटतात, एक हिरवट दिसतो, एक तपकिरी. मग ती लड बाद. खरा जोड तो, जो तिन्ही दिव्यांखाली फुटत नाही. हे मी नव्या मुलींना इतक्या वेळा सांगितलं आहे, की बोलताना आता मला ऐकू येत नाही. त्या आठवड्यात ऐकू यायला लागलं. एका करड्या रंगाशी मी सबंध सकाळ झगडत होते. दिवे बदलत होते, पहिला, दुसरा, तिसरा, परत पहिला, आणि तो रंग काही केल्या फुटत नव्हता. म्हणजे काम फत्ते झालं होतं. शेजारची म्हणाली, "झालाय की जोड, किती बघाल?" मी म्हटलं, "फुटेल, थांब." ती माझ्याकडे बघायला लागली.

लेकीला सांगायचं एक खोटं मला तिथंच सुचलं, त्या पेटीत डोकं घालून. लेकीला दिवस गेले आहेत. तिला मावशीचा निकाल कळला आहे आणि त्या रात्रीपासून ती फोन करते, इकडचं तिकडचं बोलते, आणि ठेवता ठेवता हळूच विचारते, "आई, तू आणि मावशी नक्की वेगळ्या ना?" ती पोटावर हात ठेवून विचारत असणार, हे मला इथून दिसतं. माझं जे असेल त्याचं निम्मं तिच्या वाट्याला, तिचं जे असेल त्याचं निम्मं त्याच्या वाट्याला, ज्याला अजून नावही नाही. मी म्हणते, "झोप आता, सांगते." आणि रंग फुटत नाही म्हणून रडकुंडीला आलेली असताना वाक्यं आपोआप जुळत गेली. की अगं, मी तपासून घेतलं. मावशीकडे गेले होते तेव्हा तिच्या कंगव्यातले केस घेतले. मुळासकट लागतात, म्हणून कंगव्यातले. माझ्या केसांशी ताडून पाहिले. आम्ही वेगळ्या निघालो. तुला उगाच घोर नको म्हणून आधी बोलले नाही. चांगलं झालं होतं. मुळासकट हा तपशील तर फारच चांगला, खोट्याला असा एखादा खिळा मारावा लागतो. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. नुसतं घोळवत राहिले, आणि घोळवता घोळवता मला स्वतःलाच थोडं बरं वाटायला लागलं, इतकं ते मजबूत होतं.

रविवारी दुपारी थोरलीकडे गेले. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, एकटीची, नीटनेटकी. हल्ली जमिनीवरचं पायपुसणं तिने उचलून ठेवलं आहे, पाय अडकतो म्हणून. पुस्तकं खालच्या फळीवर आणली आहेत. कपाटाच्या काचा बाबांनी बसवलेल्या, घर बदललं तेव्हा जुन्या कपाटासकट तिने आणल्या. चहा मी केला. कप तिने उचलला, तो बशीवर दोनदा वाजला, तिने तो परत ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसली. मी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. समोरच्या गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते.

"धाकटे," ती म्हणाली, "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस."

"सांग की."

"मी तपासून घेतलं. आपलं, एकसारख्या की वेगळ्या ते." ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. "मागे तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा तुझ्या कंगव्यातले केस घेतले. मुळासकट लागतात, म्हणून कंगव्यातले. आपण वेगळ्या निघालो. तुला उगाच घोर नको म्हणून आधी बोलले नाही."

पहिल्या वाक्याला, ती इतकी सरळ बघतेय म्हणजे निकाल चांगलाच असणार असं वाटून, माझ्या छातीवरचं ओझं खरंच उतरलं होतं. मी श्वास घेतला होता. दुसऱ्या वाक्याला तो तिथंच अडकला. पुढचं प्रत्येक वाक्य ती बोलायच्या आधी मला ऐकू येत होतं, शब्दाला शब्द, जिथं मी थांबले असते तिथंच ती थांबत होती. मुळासकट. घोर नको. कारखान्यातल्या त्या पेटीत, माझ्या डोक्याच्या आत, कुणालाही न सांगता जुळवलेलं खोटं माझ्यासमोर कप ठेवून बसलं होतं, फक्त कंगवा तेवढा माझा होता. ती आजारी होती, तिचं सगळं ठरून गेलं होतं, आणि त्या हलणाऱ्या हातांनी ती मला माझं नाणं परत हवेत फेकून देत होती. मला तिच्याबद्दल फार माया दाटून आली. आणि त्याच क्षणी मला कळत होतं, की हे प्रेमच पुरावा आहे. पहिला दिवा, दुसरा दिवा, तिसरा दिवा. फुटत नव्हतं.

"बरं झालं," मी म्हटलं.

"झालं ना बरं?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका सैल झाला, की मी आणखी एकदा म्हटलं, "फार बरं झालं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेक होती. थोरली म्हणाली, "घे ना, सांग तिला." मी घेतला. लेकीने मावशी कशी आहे विचारलं, जेवलात का विचारलं, माझा आवाज असा का येतोय विचारलं. मग म्हणाली, "आई, तुम्ही वेगळ्या ना?"

वाक्य ओठांवर तयार होतं. ते सांगायला मला कसलीच अडचण नव्हती, समोर साक्षीदारही बसला होता. पण ते आत्ताच माझ्यावर वापरून झालं होतं, आणि ऐकणाऱ्याला ते कसं लागतं हे मला कळलं होतं. एक श्वास बरं वाटतं, आणि मग माणूस त्या खोट्याच्या आत एकटाच राहतो. बाहेर सगळे खूश असतात आणि त्याला दार वाजवायचीही सोय नसते. माझ्या लेकीला मी तिथं ठेवून येणार होते, पोटातल्यासकट.

"माहीत नाही," मी म्हटलं. "आम्ही तपासलेलं नाही. मीही नाही आणि मावशीनंही नाही."

मग लेक म्हणाली, "मग जाऊ या. मी येते तुझ्याबरोबर."

"ये," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

थोरली माझ्याकडे बघत नव्हती. बाबांच्या काचांकडे बघत होती. मांडीखालचा हात सुटून आला होता आणि गुडघ्यावर आपल्या मनाने उडत होता. तिने तो दुसऱ्या हाताने धरला नाही.

"तुला कसं कळलं?" तिने विचारलं.

"मी तिला हेच सांगणार होते."

"कंगवा?"

"कंगवाच. तुझा."

"मुळासकट?"

"मुळासकट."

तिला हसू आलं. आवाज न करता, नुसते खांदे हलवत, बाबा हसायचे तसं. मलाही आलं, तसंच. आम्ही पुष्कळ वेळ हसत होतो, आणि मग कुणीतरी बटण बंद करावं तशा दोघी एकदमच थांबलो. थांबलो ते दोघींच्याही लक्षात आलं.

"मग आता तपासायचं काय राहिलं, धाकटे?" थोरली म्हणाली.

चहा निवत चालला होता. मी तिचा कप उचलला आणि तिच्या तोंडाशी धरला. माझा हात अजून स्थिर होता. तिने घोट घेतला आणि माझ्या हाताकडे बघत राहिली, आणि मीही बघत राहिले.